दोन फरश्यांमधला वारा

रेवा, इकडे ये बघू. कागदावर का होईना, पण माझ्याजवळ येऊन बस, आणि तो मोबाईल पालथा घाल. कधीपासून रागवायचंय तुला. "आजी, पक्का येते, प्रॉमिस," म्हणतेस, आणि येतेस तेव्हा बाराला येऊन पाचला निघतेस. चपला काढतेस त्यासुद्धा तोंडं बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे निघताना चटकन पायात सरकवता याव्यात. आणि गेल्या पावसाळ्यापासून तर तेवढीसुद्धा फिरकली नाहीस. गुरुग्रामहून आपली दिल्लीची द्वारका म्हणजे काय सातासमुद्रापार आहे? तीन वर्षं झाली, तू या घरात झोपलेली नाहीस. मी म्हातारी काही बोलत नाही, पण कपाटातली तुझी गोधडी बोलते हो, दर वेळी दार उघडलं की.

का ते मला माहीत नाही, असं तुला आणि तुझ्या आईला वाटतं. माहीत आहे गं. सगळं माहीत आहे. तेच सांगायला बसलेय.

आज पुन्हा तसलीच हवा आहे. दिल्लीतला पाऊस पडतो कमी आणि रेंगाळतो जास्त. चार सरी येऊन जातात आणि मग आठ-आठ दिवस आभाळ नुसतं अंगावर टेकून बसतं. मिठाच्या बरणीत चमचा रुततो. काडेपेटीची काडी घासली की तिचं डोकं मऊ होऊन निसटतं. सकाळी तळलेली कुरडई दुपारी चामड्यासारखी वाकते. भाजीवाला गाडी थांबवून कपाळ पुसत म्हणतो, "माताजी, हवा तो जैसे मर गई है." मी मनात म्हणते, बाबा रे, मरत नाही ती, कुठेतरी अडकलेली असते. एवढं एक वाक्य कळायला मला सत्तर पावसाळे लागले.

तीन वर्षांपूर्वीचा भाद्रपद तुला आठवतो का? गणपतीला दहा दिवस राहायला आली होतीस. आपण दोघींनी रंगीत कागदाचं मखर केलं होतं आणि मी ते मुद्दाम हॉलच्या कोपऱ्यातल्या भिंतीला लावलं, कारण त्या भिंतीला लोणा लागून पोपडे सुटले होते आणि बाप्पामागे ते झाकले जाणार होते. तू माझ्या खाटेशेजारी जमिनीवर गादी घालून झोपायचीस. तिसऱ्या दिवशी सकाळी तू उठून बसलीस आणि तुझ्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. मला आधी वाटलं, बाहेर सोसायटीच्या चौकीदाराची शिट्टी असेल. मग तू माझ्याकडे पाहिलंस, तोंड उघडं, खांदे वर-खाली. ते डोळे मी विसरलेले नाही. डॉक्टरांनी तुझ्या हातात निळा पंप दिला आणि तुझ्या आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तुझी आई परत येऊन म्हणाली, "काही नाही गं आई, वातावरणच असं आहे." आणि त्याच संध्याकाळी तुला घेऊन गेली. अर्धी चकली तशीच ताटलीत होती. रात्रीपर्यंत सादळली.

वातावरण! हा शब्द फार सोयीचा आहे बरं का. कोणाच्या घराला नावं ठेवायची नसली की वातावरणाला ठेवायची.

आता एक गंमत सांगते, हसू नकोस. तू लहान होतीस तेव्हा माझ्या पदरात तोंड खुपसून म्हणायचीस, "आजीच्या घराचा वास!" मला केवढा अभिमान. मी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं होतं. मला वाटायचं, तो माझ्या गोड्या मसाल्याचा वास, कढवलेल्या तुपाचा वास, देवघरातल्या उदाचा. घरोघरच्या आज्यांचा एकेक वास असतो, तसा हा माझा.

मग दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे राहायला आले. अठरावा मजला, खाली गाड्या म्हणजे सांडलेली मोहरी. तुझ्या आईने दारातच माझी पिशवी घेतली आणि त्यातल्या साड्या सरळ मशीनकडे नेल्या. मी म्हटलं, "अगं, धुतलेल्या आहेत. इस्त्रीच्या घड्याही मोडल्या नाहीत." ती म्हणाली, "असू दे आई, मशीन लावलेलंच आहे." मी पाणी पिऊन सोफ्यावर टेकले आणि तेव्हा मला मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. तेव्हा, त्याच्या आधी नाही.

तू शेजारी बसून दाणे खात होतीस. मी तुला हळूच विचारलं, "काय गं, माझ्या साड्या का टाकल्या?" तू सहज म्हणालीस, "आजीच्या घराचा वास येतो ना, म्हणून. ती सीलनवाली स्मेल." ओलीचा कुबट वास, म्हणजे. आणि पुढचा दाणा सोललास.

वाईट वाटून घेऊ नकोस आता. खरं सांगते, त्या क्षणी पायाखालचं काहीतरी सरकलं, पण तुझा राग नाही आला. इतक्या वर्षांत इतकी माणसं माझ्या घरी जेवून गेली, वाखाणून गेली, निरोपाचं हळदीकुंकू लावून गेली. एकानेही सांगितलं नाही. मीसुद्धा दुसऱ्यांच्या घरी अशीच गप्प बसत आले असेन. आपला वास आपल्याला येत नाही, रेवा. नाक दोन दिवसांत सरावतं आणि मग कोणीतरी सांगेपर्यंत आपण सुवासातच राहतो.

परत आल्यावर मी काय केलं? जे सगळ्या बायका करतात तेच. डांबरगोळ्या आणल्या. कापूर जाळला. लिंबाच्या वासाचं फिनाइल दिवसातून दोनदा, भरपूर पाण्यात. फरशीच्या सांध्यांतून पांढरं मीठ फुलून यायचं, ते दिसू नये म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुलाफुलांचं प्लास्टिकचं अंथरूण घातलं. घर चकाचक. वरून तर अगदी नव्या नवरीसारखं.

आणि खरं म्हणजे हे असं करायचं नसतं, हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझ्या माहेरी, माण तालुक्यात, धान्याची कणगी कधी जमिनीला टेकवत नसत. खाली चार दगड, दगडांवर फळ्या, फळ्यांवर कणगी. आई म्हणायची, "खालून वारा गेला पाहिजे गं, ज्वारीला पण दम लागतो." आम्ही पोरी त्या फळ्यांखाली गाल टेकवून बघायचो. पलीकडच्या बाजूला उजेडाची एक बारीक रेघ दिसायची आणि डोळ्याला गार झुळूक लागायची. ज्वारीसाठी एवढा विचार, आणि माणसं खुशाल भुईला पाठ लावून झोपलेली.

लग्न करून मी दिल्ली कँटोन्मेंटला आले तेव्हा तुझे आजोबा नुकते हवालदार झाले होते. जुनी क्वार्टर, उंच छत, आणि जमीन गुडघाभर उचललेली. खाली सगळी पोकळी. बाहेरून भिंतीच्या पायथ्याशी, हातहात अंतरावर, लोखंडी जाळ्या. मला त्या जाळ्यांचं कारण कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्याच डिसेंबरात पायाखालच्या लाद्या अशा गार पडल्या की मी मोज्यांवर मोजे घालून पोळ्या लाटायची. मग एक दिवस मला अक्कल सुचली. गोणपाट फाडलं, जुने मोजे, फाटकी बनियनं गोळा केली आणि एकेक जाळी ठासून भरली. शेजारच्या बायका बघायला आल्या. सगळ्या आपल्याकडच्याच, साताऱ्याच्या, नगरच्या, कोल्हापूरच्या. "बाई, डोकं आहे हिला!" म्हणाल्या. आठवड्यात सगळ्या लाइनीच्या जाळ्या बंद. मी तर पुढारीच झाले.

पुढच्या पावसाळ्यात काय व्हायचं ते झालं. ट्रंकेतल्या शालूवर हिरवे ठिपके. लाकडी पाटाला मखमल. आणि एका सकाळी परेडला निघताना आजोबांनी पट्टा काढला तर त्यावर कोवळी बुरशी. पुसायला वेळ नव्हता. तिकडे साहेबांनी म्हणे सगळ्यांसमोर विचारलं, "जवान, बेल्ट पर खेती शुरू की है क्या?" ते घरी आले, हातपाय धुऊन पानावर बसले. जेवताना एवढंच म्हणाले, "यंदा पीक चांगलं आलंय."

मग दुरुस्तीवाले मिस्त्रीजी आले. म्हातारे, दाढी मेंदीने लाल, कानाला पेन्सिल. जाळीपाशी उकिडवे बसले आणि दोन बोटांनी माझं गोणपाट ओढून काढू लागले. ते येता येईना. ओलं, काळं, जड. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "बहनजी, मकान की नाक में रुई ठूँस दी आपने. अब बेचारा साँस कहाँ से ले?"

लाइनीतल्या सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ज्यांनी माझं कौतुक केलं होतं त्याच.

तरी विसरले ना मी! द्वारकेचा हा तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा आजोबा रिटायर झाले होते. जिने नकोत, म्हणून तळमजला. फरशी त्यांनी स्वतः निवडली, पिवळसर, मधे लालसर नक्षी. गवंड्यांशेजारी उन्हात उभं राहून प्रत्येक फरशी टिचकी मारून वाजवून घेतली. "पोकळ वाजली तर काढायला लावीन," म्हणायचे. एकही पोकळ वाजली नाही. घट्ट, थेट मातीवर बसवलेली. खिडकीपाशी त्यांची लोखंडी खुर्ची असायची, रोज त्याच जागी. त्या खुर्चीच्या चार पायांनी फरशीला चार बारीक खळगे पडले. ते गेल्यावर मी खुर्ची माळ्यावर टाकली. पण ते चार खळगे, केर काढताना माझा हात आपोआप त्यांच्या कडेने जायचा. रांगोळीच्या ठिपक्यांना सांभाळावं तसा.

म्हणून तुझी आई जेव्हा पहिल्यांदा म्हणाली, "आई, सगळी फरशी फोडून काढू या," तेव्हा मी ताडकन म्हटलं, "माझ्या देखत नाही." ती म्हणाली, "मग तूच आमच्याकडे चल कायमची." मी म्हटलं, "ते तर मुळीच नाही." आम्ही दोघी महिनाभर फोनवर फक्त भाजी काय केली एवढंच बोलत होतो.

गेल्या वर्षीच्या श्रावणात तिने एका मुलीला पाठवलं. प्राजक्ता. बीडची. कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली, आता घरांची ओल काढायचं काम करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. मी विचारलं, "अगं, मग परीक्षा?" तर म्हणाली, "तीन अटेम्प्ट दिले, आजी. खोली अशी होती की नोट्सना बुरशी लागली. मग म्हटलं, आधी हिचाच अभ्यास करू." मला ती तिथेच आवडली.

तिने माझं फुलाफुलांचं अंथरूण गुंडाळलं. खाली काय होतं ते लिहीत नाही. मग तिने फरशीवर हातभर स्वच्छ प्लास्टिक ठेवलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "उद्या सकाळी बघा. तोवर पुसू नका." मी दिवसभर त्या चौकोनाभोवती पाटाभोवती फिरावं तशी फिरले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब. दाणेदार, शेजारी-शेजारी, अगदी कपाळावरच्या घामासारखे. वरून एक थेंब पाणी पडलं नव्हतं.

"खालची माती ओली आहे, आजी. ती घाम गाळते, फरशीतून तो वर येतो. वरून झाकलं की जायला वाट नाही, मग तो तिथेच कुजतो. वास त्याचाच."

किती वर्षं ही जमीन आमच्या पायाखाली गुपचूप घामेजत होती, आणि आम्ही वर बसून चहा पीत होतो.

मी तिला म्हटलं, "पण फरशी फोडू देणार नाही." खळगे दाखवले. तिने खाली बसून एका खळग्यात करंगळी घातली. मग म्हणाली, "फोडायची कशाला? राहू दे की. नवी हिच्या वर उचलून घालू."

रेवा, ते काम तू बघायला हवं होतंस. काळ्या प्लास्टिकची एक जाड चटई आणली, सगळीभर टेंगळं टेंगळं. पालथं घातलेलं आप्पेपात्र, हुबेहूब! ती आजोबांच्या फरशीवर अंथरली. टेंगळांच्या मधे बोटभर पोकळी. त्यावर फळ्यांसारखे कोरडे तक्ते, तक्त्यांवर नवी फरशी. एका भिंतीच्या कडेने, जमिनीलगत, बारीक फटी ठेवल्या. समोरच्या भिंतीतून एक नळी बाहेर काढली आणि तिच्या तोंडाशी वाटीएवढा पंखा. बस. खोलीतली हवा फटींतून आत शिरते, जुन्या फरशीवरून वाहत जाते, ओल आणि वास सोबत घेते आणि पंखा ते सगळं बाहेर सोडून देतो. वर काही येऊच देत नाही. मी म्हटलं, "म्हणजे कणगी!" प्राजक्ता हसली, "हो, कणगी. फक्त आत ज्वारीऐवजी तुम्ही."

दारं खालून कापावी लागली. सुतार रंधा मारत होता आणि लाकडाचा ताजा वास घरभर. तो मलाही आला. उंबऱ्याशी मी पंधरा दिवस ठेचकाळले. आणि एक दिवस सहज हात वर केला, तर फडताळाच्या वरच्या कप्प्यातला पुरणयंत्राचा डबा हाताला लागला. आजोबाच काढून द्यायचे तो. ते गेल्यापासून स्टुलावर चढत होते मी. म्हातारपणी माणूस खचतो म्हणतात, मी दोन बोटं वाढले.

प्राजक्ताने जायच्या दिवशी उदबत्ती पेटवून फटीपाशी धरली. धूर सरळ वर जाता जाता वाकला, जमिनीकडे वळला आणि फटीत शिरून नाहीसा झाला. त्या धुराच्या मागे मागे मीही आत गेल्यासारखं वाटलं. खाली त्या अंधाऱ्या, बोटभर उंचीच्या खोलीत आजोबांची पिवळसर फरशी आहे, लालसर नक्षी आहे, चार खळगे आहेत. आता तिथे कोणी पाय ठेवणार नाही, कोणी पुसणार नाही. नुसता वारा फिरतो, एकेका खळग्यात उतरतो, चढतो, पुढे जातो. त्यांना मोकळी हवा फार लागायची.

तेव्हापासून रोज देवापुढे ओवाळून झालं की मी उदबत्ती खाली फटीशी नेते. गुडघे कुरकुरतात, पण नेते. धूर वळला की दिवस चांगला.

हिवाळ्यात एकदा मात्र चूक होता होता राहिली. जानेवारीतली ती दिल्लीची सकाळ, दिवसभर ऊन नाही, आणि फटीपाशी पाय गेला की गार वाटायचं. शेजारच्या कौरआंटी म्हणाल्या, "कपड़ा ठूँस दो जी, क्या फ़र्क पड़ता है?" मी आजोबांचा लोकरी मोजा काढला, गुंडाळला, वाकले. आणि ते मिस्त्रीजी दिसले गं, लाल दाढीचे, हातात माझं काळं गोणपाट. मी तशीच बसले खाली. हसूही आलं आणि डोळेही भरले. मग तो मोजा पायात घातला.

तर असं हे घर. भिंतीचे पोपडे खरवडले, वाळल्यावर चुना दिला. डांबरगोळ्या टाकून दिल्या. ट्रंक उघडली तर आजोबांचा कोट कोरडा. आणि आता हा पुन्हा पावसाळा, काम झाल्यानंतरचा पहिला. पंखा अगदी हळू गुणगुणतो. दुपारी आडवी पडले की वाटतं, शेजारी कोणीतरी शांत झोपलंय.

पण एक अडचण आहे, आणि ती तुझ्याशिवाय सुटणार नाही.

तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणते, "छान आहे गं आई." ती तेव्हाही छानच म्हणायची. कौरआंटींना विचारलं तर, "बढ़िया जी, बिल्कुल." मी स्वतः दारात उभी राहून किती वेळा श्वास घेतला. मला काही येत नाही. पण मला तेव्हाही काही येत नव्हतं. माझ्या नाकावर माझा भरवसा राहिलेला नाही. या घराबद्दल मला आजवर खरं एकाच माणसाने सांगितलंय, दाणे खाता खाता.

म्हणून तू ये. थंडीत नको, थंडीत कुठलंही घर शहाण्यासारखं वागतं. आत्ता ये, या असल्या मेलेल्या हवेत. तुझा निळा पंप बरोबर आण, लाजायचं काही नाही, उशीशेजारी ठेवू. उदबत्ती तू फटीशी धर, तुझे गुडघे बरे आहेत. गादी घालायची की नाही ते मी आधी ठरवत नाही. आधी दारात उभी राहा, डोळे मिट, छाती भरून श्वास घे, आणि जे असेल ते सांग. वास आला तर आला म्हण. मला वाईट वाटेल म्हणून वातावरणाचं नाव काढलंस तर बघ.

तू डोळे उघडेपर्यंत मी गोधडी हातात घेऊन उभी राहीन. लवकर ये गं.